कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पी०४२० आणि रेडिनेस मॉनिटर : स्कॅनर लावताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेक इंजिन लाइट लागली, स्कॅनर लावला, कॅटचा (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा) कोड दिसला, आता काय करू, असे मेसेज सतत येत असतात. त्यातलेच प्रश्न इथे एकत्र केलेत, सोप्याकडून अवघडाकडे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: कोड पुसायच्या बटणाला सगळ्यात शेवटी हात लावा. त्या एका बटणाने तपासाचा अर्धा पुरावा जातो आणि मग लोक अंदाजाने महागडा कॅट बदलून मोकळे होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नक्की करतो काय?

एक्झॉस्टच्या पाइपमध्ये बसवलेला स्टीलचा डबा, आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक भोकं असलेली सिरॅमिकची वीट (काही गाड्यांत धातूची), आणि त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचा पातळ थर. धूर यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं इंधन जळून जातं आणि नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन होतो. हे व्हायला कॅट तापलेला लागतो, साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तो खरा कामाला लागतो. शिवाय पेट्रोल गाडीत हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी आसपास राहावं लागतं.

थरात सेरियम ऑक्साइड पण असतं, त्याचं नाव फार कोणी घेत नाही. हे सेरियम ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तेव्हा सोडतं. गाडीचा कॉम्प्युटर कॅट चांगला की वाईट हे ठरवतो ते या साठवणीवरूनच. धुरात विष किती आहे ते तो थेट मोजत नाही, ऑक्सिजन साठवायची ताकद किती उरलीय याचा अंदाज घेतो. पुढची बरीचशी उत्तरं यावरच उभी आहेत.

२. कुठला स्कॅनर घेऊ? साधा ब्लूटूथवाला चालेल का?

घरच्या कामाला चालतो. ओबीडी-टू (गाडीची स्वतःचे बिघाड शोधणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या पायांच्या वरच्या बाजूला, डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात ईएलएम३२७ जातीचा ॲडॉप्टर लावून मोबाइलवर ॲप चालवलं की कोड, फ्रीझ फ्रेम (प्रश्न ४), लाइव्ह डेटा, रेडिनेस (प्रश्न ११) सगळं दिसतं. फक्त घेताना चार गोष्टी बघा, लाइव्ह डेटाचा ग्राफ काढतो का, पेंडिंग आणि परमनंट कोड (प्रश्न ३ आणि १४) वेगळे दाखवतो का, मोड ६ (प्रश्न १५) उघडतो का आणि रेकॉर्डिंग करतो का. नुसता कोड दाखवणारा स्कॅनर कॅटच्या कामाला अपुरा आहे. नकली ॲडॉप्टर खूप आहेत, ते हळू चालतात, मधेच कनेक्शन सोडतात, काही तर आधीच्या कमांडचं उत्तर पुढच्याला चिकटवतात. म्हणून एकाच गाडीवर दोनदा वाचून आकडे जुळतात का ते बघायची सवय ठेवा.

३. पी०४२० आला म्हणजे कॅट गेलाच ना?

नाही, आणि हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पी०४२० चा अर्थ इतकाच की बँक १ च्या कॅटची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेच्या खाली दिसली. बँक २ साठी तोच कोड पी०४३०. बँक १ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला आहे ती, हे व्ही आकाराच्या इंजिनात चुकीची बाजू उघडायच्या आधी बघून घ्या. 'दिसली' हा शब्द महत्त्वाचा, कारण दाखवणारा मागचा ओटू सेन्सर (कॅटच्या पुढे एक, मागे एक असे धुरातला ऑक्सिजन बघणारे सेन्सर असतात) आहे आणि त्याला फसवणाऱ्या गोष्टी कमी नाहीत: एक्झॉस्टचा लीक, रिच (पेट्रोल जास्त) किंवा लीन (पेट्रोल कमी) मिश्रण, मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), आणि काही गाड्यांत कॉम्प्युटरचं जुनं सॉफ्टवेअर, जे कंपनीने नंतर सुधारलेलं असतं.

बहुतेक गाड्यांत हा दोन ट्रिपचा (ट्रिप म्हणजे गाडी सुरू करून बंद करेपर्यंतची एक फेरी) कोड असतो, पहिल्यांदा नापास झाला की पेंडिंगमध्ये बसतो, पुढच्या ट्रिपलाही नापास झाला की लाइट लागते. आणि सोबत दुसरा कुठलाही कोड असेल, मिसफायरचा पी०३००, लीनचा पी०१७१, रिचचा पी०१७२, सेन्सरच्या हीटरचा पी०१४१, तर आधी तो. पी०४२० ला रांगेत शेवटी उभा करा.

४. फ्रीझ फ्रेम बघायलाच हवा का?

हो, आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. कोड बसला त्या क्षणी वेग, आरपीएम, पाण्याचं तापमान, लोड (इंजिनवरचा ताण) आणि फ्यूल ट्रिम (पेट्रोलातली कमी-जास्त, प्रश्न ९) काय होते त्याचा तो फोटो आहे. पी०४२० च्या फ्रेममध्ये तापमान ८५-९० अंश, वेग एकसारखा आणि ट्रिम शून्याजवळ असेल तर कॅटवरचा संशय वाढतो, पण लाँग टर्म ट्रिम +१८ दिसत असेल तर चोर दुसरीकडे आहे. कोड पुसला की हा फोटो पण जातो.

५. पुढच्या आणि मागच्या सेन्सरचा ग्राफ कसा वाचायचा?

गाडी पूर्ण गरम करा, बाहेर १५-२० मिनिटं चालवून आणलेली उत्तम, नुसती आयडलला ठेवून कॅट नीट तापत नाही. मग न्यूट्रलमध्ये २,५०० आरपीएम दोन-तीन मिनिटं धरून ठेवा. ॲपमध्ये फक्त दोनच गोष्टी निवडा, बँक १ सेन्सर १ आणि बँक १ सेन्सर २, कारण दहा गोष्टी निवडल्या तर स्वस्त ॲडॉप्टर इतका हळू होतो की ग्राफ खोटा वाटायला लागतो.

जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट असा भराभर वरखाली होतो. कॅट चांगला असेल तर मागच्याची रेघ ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास संथ, जवळपास सपाट, मधेच हळूच थोडी सरकते. कॅट थकला असेल तर मागचा पण पुढच्याच तालात नाचायला लागतो, जणू मधे कॅट नाहीच. अधूनमधून एखादी उडी मारतो तेवढ्यावर निकाल देऊ नका.

मला सगळ्यात जास्त पटणारी खूण मात्र वेगळी आहे. गाडी गिअरमध्ये चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, इंधन बंद होतं, दोन्ही सेन्सर खाली ०.१ च्या जवळ येतात आणि कॅटमध्ये ऑक्सिजन भरतो. आता परत ॲक्सिलरेटर द्या. पुढचा सेन्सर लगेच वर जातो, आणि मागचा चांगल्या कॅटमध्ये थोडा वेळ खालीच थांबतो, कारण साठलेला ऑक्सिजन आधी संपावा लागतो, मगच तो वर चढतो. रेकॉर्डिंगमध्ये दोन रेघांमधली ही फट डोळ्यांनी दिसते. कॅट संपला असेल तर फट जवळपास नसतेच, पुढच्याच्या पाठोपाठ मागचाही वर. हे रेकॉर्ड करून नंतर बघा, चालवताना स्क्रीनकडे बघू नका, शेजारी कोणी बसवता आलं तर सगळ्यात बरं.

६. माझ्या गाडीत पुढचा सेन्सर वरखाली होतच नाही, तो मेला का?

बहुतेक नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड म्हणजे एअर-फ्यूल रेशो सेन्सर असतो, तो व्होल्टवर नाचत नाही, स्कॅनरवर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १.०० म्हणजे १४.७ ला १) १.०० च्या आसपास किंवा मिलिअँपमध्ये बारीक करंट दाखवतो. तिथे पुढच्याशी तुलना करायच्या फंदात पडू नका. मागच्याची रेघ एकटी बघा आणि वरची ॲक्सिलरेटर सोडायची युक्ती करा, तीच जास्त सांगते.

७. मागचा सेन्सर बदलला की पी०४२० जातो असं ऐकलंय, बदलू का?

तपासल्याशिवाय नको. जरा विचार करा, म्हातारा झालेला सेन्सर सुस्त होतो, आणि सुस्त सेन्सर सपाट रेघ काढतो, म्हणजे तो कॅट चांगला असल्याचा भास करून देईल, वाईट असल्याचा सहसा नाही. भराभर नाचणारा मागचा सेन्सर हा बहुतेक वेळा निरोगी सेन्सरच असतो आणि तो खरं बोलत असतो. नवा टाकल्यावर कोड काही दिवस येत नाही कारण कोड पुसलेला असतो आणि मॉनिटर (प्रश्न ११) अजून चाललेला नसतो, बास. सेन्सर जिवंत आहे का ते बघायला गाडी झटकन रेस करा, ०.८ च्या वर गेला पाहिजे, आणि गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडल्यावर ०.१-०.२ पर्यंत खाली आला पाहिजे. दोन्ही करतो, आणि हीटरचा कोड नाही, तर त्याला राहू द्या.

८. एक्झॉस्टचा लीक कॅटचा कोड कसा काय आणतो?

धूर पाइपमधून धडधड करत ठोक्यांनी जातो, दोन ठोक्यांच्या मधे दाब खाली जातो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा मागच्या सेन्सरजवळ आली की त्याला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि रेघ हलायला लागते. लीक पुढच्या सेन्सरच्या आधी असेल तर आणखी वाईट, कॉम्प्युटरला मिश्रण लीन वाटतं, तो पेट्रोल वाढवतो, आणि ते जादा पेट्रोल खऱ्या कॅटला मारायला लागतं.

एक गाडी माझ्यासमोर आली होती, नवा कॅट टाकून पण पी०४२० परत आलेला. गरम इंजिनवर काहीच ऐकू येत नव्हतं. सकाळी गार असताना स्टार्ट केली तेव्हा फ्लँजपाशी बारीक टिक-टिक-टिक, आणि बॅटरीच्या उजेडात जॉइंटच्या एका कडेला काजळाची बोटभर काळी रेघ. मिनिटभरात धातू तापून फुगला आणि आवाज बंद. गॅस्केट बदलल्यावर मागच्या सेन्सरची रेघ सपाट झाली. जुना कॅट तोवर भंगारात गेलेला, कदाचित तो चांगला असेल, हे आता कधीच कळणार नाही. तेव्हापासून लीक मी गार इंजिनवरच शोधतो.

९. फ्यूल ट्रिमचा कॅटशी काय संबंध?

ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के कमी-जास्त करतोय. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (शिकून टिकवलेली) ट्रिमची बेरीज बघा, साधारण ±१० च्या आत असेल तर ठीक. आयडलला +२० आणि २,५०० आरपीएमला +४ असेल तर इनटेकमध्ये कुठेतरी हवा शिरतेय. उलट लोड वाढेल तसा प्लस वाढत असेल तर पेट्रोलचा पुरवठा किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर बघा. मायनस १५-२० म्हणजे गळका इंजेक्टर, जास्त प्रेशर किंवा उघडाच राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा). यातलं काहीही तसंच ठेवून नवा कॅट टाकला तर तोही त्याच वाटेने जाणार. कॅट आपोआप फार क्वचित मरतो, त्याला कोणीतरी मारतं.

१०. लाइट लुकलुकतेय, घरापर्यंत नेऊ का?

लुकलुकणारी लाइट म्हणजे कॅटला इजा होईल इतका मिसफायर. न जळलेलं पेट्रोल आणि हवा दोन्ही कॅटमध्ये जाऊन तिथेच पेटतात, आतली वीट वितळू शकते. ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी थांबा, आणि प्लग-कॉइल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडी सुक्या गवतावर उभी करू नका, तापलेल्या कॅटने गवत पेटतं.

११. रेडिनेस मॉनिटर म्हणजे काय आणि 'नॉट रेडी' का येतं?

गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्याच परीक्षा घेत असतो, त्या परीक्षांना मॉनिटर म्हणतात. मिसफायर, फ्यूल सिस्टिम आणि कॉम्पोनंट हे तीन सतत चालू असतात. बाकीचे, म्हणजे कॅटॅलिस्ट, इव्हॅप (टाकीतली वाफ बाहेर न सोडणारी यंत्रणा), ओटू सेन्सर, त्याचा हीटर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) वगैरे, ठरावीक परिस्थिती जुळली तरच चालतात. 'रेडी' किंवा 'कम्प्लीट' म्हणजे परीक्षा झाली, पास झाली असं नाही. 'नॉट रेडी' म्हणजे परीक्षाच झाली नाही, गाडी खराब आहे असंही नाही. 'नॉट सपोर्टेड' म्हणजे ती परीक्षा तुमच्या गाडीत नाहीच.

कोड पुसले किंवा बॅटरी काढली की सगळे शून्यावर. फोर्डच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत अशा वेळी पी१००० दिसतो, तो बिघाड नाही, परीक्षा बाकी आहेत एवढंच सांगतो. एमिशन टेस्टला जिथे स्कॅनर लावतात तिथे अपुऱ्या मॉनिटरना मर्यादा असते, उदाहरणार्थ अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत पेट्रोल गाडीला १९९६ ते २००० च्या मॉडेलसाठी दोन आणि २००१ नंतरच्यासाठी एक, पण तिथलीच राज्यं याहून कडक असू शकतात, म्हणून आपल्या टेस्टचा नियम आधी विचारून घ्या.

१२. ड्राइव्ह सायकल नक्की कशी करायची?

मॉनिटर पूर्ण व्हावेत म्हणून गाडी ठरावीक पद्धतीने चालवायची, ती ड्राइव्ह सायकल. प्रत्येक कंपनीची वेगळी असते, गाडीच्या सर्व्हिस माहितीत मिळाली तर तीच करा. नाही मिळाली तर हे बहुतेक गाड्यांना चालतं: रात्रभर गार झालेली गाडी, टाकी पाव ते पाऊण भरलेली (इव्हॅपची परीक्षा फार भरलेल्या किंवा फार रिकाम्या टाकीवर चालत नाही), स्टार्ट करून दोन-तीन मिनिटं आयडल, मग थोडं शहरातल्यासारखं थांबत-चालत, मग मोकळ्या रस्त्यावर ८०-९० च्या आसपास एकसारख्या वेगाने १०-१५ मिनिटं, अर्थात तिथली वेगमर्यादा पाळून. मधे दोन-तीनदा ब्रेक न लावता नुसतं ॲक्सिलरेटर सोडून वेग ३०-४० पर्यंत उतरू द्या, मागे गाडी नसेल तेव्हाच. शेवटी परत थोडा आयडल. एका फेरीत सगळं होईलच असं नाही, दोन-चार दिवस लागतात, आणि घाईने ॲक्सिलरेटर दाबत-सोडत चालवलं तर कॅटची परीक्षा सुरू होऊन मधेच सुटते.

१३. बाकी सगळे रेडी, कॅटचाच होत नाही. का?

यात जरा थांबून बघावं लागतं. बहुतेक गाड्यांत आधी ओटू सेन्सर आणि त्याच्या हीटरची परीक्षा संपते, मगच कॅटची सुरू होते, त्यामुळे ते दोन रेडी आहेत का बघा. दुसरं, एखादा पेंडिंग कोड वाट अडवून बसलेला असू शकतो, तो मोड ७ मध्ये दिसतो, नुसते साठलेले कोड बघून 'काही नाही' म्हणू नका. तिसरं, पाण्याचं तापमान. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट असला की इंजिन मोकळ्या रस्त्यावर ७० अंशांच्या आसपासच घुटमळतं, डॅशबोर्डवरचा काटा अगदी नॉर्मल दाखवतो आणि परीक्षा कधीच सुरू होत नाही. स्कॅनरवर वेगासोबत तापमानाचा ग्राफ काढा, हायवेवर खाली उतरताना दिसला तर थर्मोस्टॅट बदला. चौथं, रोजचा प्रवास पाच-सात मिनिटांचा असेल तर कॅटला तापायला वेळच मिळत नाही.

१४. टेस्टच्या आदल्या दिवशी कोड पुसून नेला तर?

मॉनिटर नॉट रेडी दिसतात (प्रश्न ११) आणि गाडी परत पाठवतात. शिवाय 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले' आणि 'किती वेळा इंजिन गरम झालं' हे आकडे पण बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर वाचता येतात. साधारण २०१० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत परमनंट कोड असतात, ते स्कॅनरने पुसत नाहीत आणि बॅटरी काढून पण जात नाहीत, गाडीने स्वतः ती परीक्षा पास केली की स्वतःच जातात. दुरुस्ती खरी असेल तर लाइट साधारण लागोपाठ तीन चांगल्या ट्रिपनंतर आपोआप विझते.

जुनी गाडी विकत घेताना हेच उलटं वापरा. लाइट बंद, कोड शून्य, पण अर्धे मॉनिटर नॉट रेडी आणि कोड पुसून १२ किलोमीटर झालेले, तर विकणाऱ्याला शांतपणे विचारा की काय पुसलं.

१५. मोड ६ मध्ये कॅटचे आकडे असतात म्हणे, कसे वाचायचे?

मोड ६ म्हणजे परीक्षेची गुणपत्रिका. कॅन पद्धतीच्या (डेटा पाठवायची नवी पद्धत) गाड्यांत बँक १ च्या कॅटचा मॉनिटर क्रमांक २१ आणि बँक २ चा २२ असतो. समोर तीन आकडे: मिळालेला, किमान, कमाल. काही कंपन्या जास्त आकडा चांगला धरतात, काही कमी, म्हणून कुठली मर्यादा लागू आहे ते बघूनच बोला. कमाल ०.७५ आणि मिळालेला ०.२० तर निवांत राहा, ०.७१ असेल तर कोड नसला तरी कॅट काठावर आहे. कोड पुसल्यावर परीक्षा होईपर्यंत इथे शून्य किंवा जुनाट आकडे दिसू शकतात, ते खरे धरू नका.

१६. गाडी ओढत नाही, कॅट चोक झालाय का? स्कॅनरवर कळेल?

पी०४२० आणि चोक होणं (आतून बुजणं) या वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण चोक झालेला कॅट कोडच देत नाही असंही होतं, आणि पी०४२० वाला कॅट धूर अगदी मोकळा जाऊ देत असतो. स्कॅनरवर पूर्ण ॲक्सिलरेटरला एमएएफचा आकडा आणि लोड अपेक्षेपेक्षा बराच कमी अडकतो, पण पिकअप कमी व्हायची कारणं इतर पण आहेत, त्यामुळे ही फक्त शंका समजा. खात्री करायला पुढचा ओटू सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा, २,५०० आरपीएमला दाब ३ पीएसआयच्या खाली हवा, त्याच्या वर चढत गेला तर पुढे कुठेतरी अडलंय. आणि गार असताना कॅटला रबरी हातोडीने हलकं ठोका, आतून खुळखुळ आली तर वीट फुटलीय.

१७. नवा कॅट टाकला, काही महिन्यांत पी०४२० परत. फसवलं का?

दोन शक्यता. एक म्हणजे मारेकरी अजून आत आहे, मिसफायर, रिच मिश्रण, तेल जाळणारं इंजिन (तेलातला फॉस्फरस थरावर बसतो) किंवा हेड गॅस्केटमधून जळणारा कूलंट. तेल दर महिन्याला टॉप-अप करावं लागत असेल तर आधी ते. दुसरी शक्यता, स्वस्त कॅटमध्ये मौल्यवान धातू आणि सेरियम कमी असतं, धूर ठीक साफ होतो पण ऑक्सिजनची साठवण तुमच्या गाडीच्या कॉम्प्युटरला पुरत नाही. घेताना तुमच्या मॉडेल-इंजिनसाठी प्रमाणित आहे का हे विचारा.

१८. मागच्या सेन्सरला स्पेसर लावू का, किंवा टाकीत क्लीनर ओतू?

स्पेसर नको. तो सेन्सरला धुरापासून लांब नेतो, धूर तेवढाच विषारी राहतो आणि तो आपणच श्वासात घेतो. बऱ्याच ठिकाणी हे बेकायदा पण आहे, आणि उद्या खरंच काही बिघडलं तर कळायचा रस्ताच बंद. क्लीनरने काजळी थोडी कमी होऊ शकते, पण वितळलेली वीट किंवा झिजलेला थर कुठल्याही बाटलीतून परत येत नाही.

१९. डिझेल किंवा हायब्रिड गाडीला हेच सगळं लागू का?

डिझेलला नाही. तिथे मॉनिटरची नावं पण वेगळी, एनएमएचसी कॅटॅलिस्ट (न जळलेलं इंधन साफ करणारा), नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड), पार्टिक्युलेट फिल्टर (काजळी अडवणारा), बूस्ट प्रेशर (टर्बोचा दाब). तिथे ओटू सेन्सरच्या नाचापेक्षा एक्झॉस्टच्या तापमानाचे सेन्सर आणि फिल्टरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक बघायचा असतो, प्रश्न ५ ची पद्धत लावू नका. हायब्रिडला पद्धत लागू, पण इंजिन सारखं बंद होतं, कॅट गार पडतो, म्हणून मॉनिटर पूर्ण व्हायला जास्त दिवस लागतात आणि २,५०० आरपीएम धरून ठेवायला बऱ्याचदा कंपनीचा मेंटेनन्स मोड लागतो.

२०. कोड नाही, सगळे मॉनिटर रेडी, तरी धुराच्या टेस्टमध्ये नापास. असं कसं?

होतं. आधी विचारा गाडी टेस्टच्या वेळी किती गरम होती, रांगेत अर्धा तास आयडलला उभी राहिली की कॅट गार पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड वर जातो. चांगली फिरवून, थेट गरम नेऊन परत मोजा. तरी नापास तर टेस्टच्या कागदावरचा लॅम्डा आणि स्कॅनरवरचा लॅम्डा शेजारी ठेवा. स्कॅनर १.०० म्हणतोय आणि मशीन १.०५, तर सायलेन्सरच्या पाइपमध्ये कुठेतरी लीक आहे किंवा मशीनची नळी नीट आत गेली नव्हती. दोन्हीकडे १.०० आणि तरी कार्बन मोनॉक्साइड जास्त, तर कॅट खरंच दमलाय, फक्त कॉम्प्युटरच्या मर्यादेपर्यंत अजून पोचलेला नाही, आणि मोड ६ चा आकडा (प्रश्न १५) बहुतेक काठावरच सापडेल. अशा वेळी मेकॅनिककडे जाताना ते तीन कागद घेऊन जा, टेस्टचा निकाल, मोड ६ चा स्क्रीनशॉट आणि दोन सेन्सरचा ग्राफ, आणि तोवर कोड पुसू नका.